सरकारी पैशातून झालेल्या कला-कार्यक्रमांचं मूल्यमापन: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चोपडा तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचं काम बघते. त्या कामातूनच लोककलेच्या कार्यक्रमांचे अहवाल लिहायची सवय लागली. आता जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या छोट्या संस्थांचे फोन येतात, बहुतेक मार्च महिन्यात: "ताई, अनुदानाचा अहवाल द्यायचा आहे, 'कार्यक्रमाचा परिणाम' या रकान्यात काय लिहू?" तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

मूल्यमापन म्हणजे ऑडिटच ना?

नाही. ठरलेल्या कामासाठी दिलेला पैसा ठरलेल्याच कामावर गेला का, पावत्या आहेत का, उपयोगिता प्रमाणपत्र बरोबर आहे का, हे ऑडिट बघतं. मंडपाचं बिल खरं असलं की ऑडिटचं समाधान होतं. त्या मंडपात बसलेल्या माणसाला काय मिळालं, गाणाऱ्याला काय मिळालं, आणि हा पैसा आलाच नसता तर काय राहून गेलं असतं, हे प्रश्न मूल्यमापनाचे. दोन्ही कामं लागतात. पण आपल्याकडे पहिलं झालं की दुसरंही झालं असं धरून चालतात, आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आम्ही उपस्थितीचा आकडा, फोटो आणि वर्तमानपत्रातली कात्रणं जोडतो. एवढं पुरत नाही का?

या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

काही वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका गावात वहीगायनाची रात्र होती. वहीगायन म्हणजे डफावर रात्रभर म्हणायची आपली खान्देशी लोकगीतं, त्यातल्या एका गीताला 'वही' म्हणतात. शासकीय निधीतून. रात्री दहाच्या सुमाराला मंडळी जमली. डफाचं कातडं थंडीने सैल पडलं होतं, म्हणून गाणाऱ्यांनी मंडपाच्या मागे तुराट्या पेटवल्या आणि डफ शेकायला घेतले. एक म्हातारे बाबा डफ आगीवर धरायचे, बोटाने टिचकी मारून कानाला लावायचे, पुन्हा धरायचे. आवाज मनासारखा येईपर्यंत त्यांनी सुरुवात होऊ दिली नाही. त्यांच्या शेजारी त्यांचा नातू उकिडवा बसला होता आणि तीच टिचकी दुसऱ्या डफावर मारून बघत होता. त्या रात्रीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ती होती. आमचा फोटोग्राफर त्या वेळी पुढे पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो काढत होता.

अहवाल लिहायला बसले. रकाना होता 'उपस्थिती संख्या'. मी मोजली होती, सत्तरच्या आसपास माणसं होती. संबंधित कार्यालयातून सांगण्यात आलं की इतका कमी आकडा पुढे जाणार नाही, चारशे लिहा. मी चारशे लिहिले. नातवाबद्दल लिहायला रकाना नव्हता, त्यामुळे एक ओळही लिहिली नाही. पुढच्या वर्षी मंडपाचा आकार चारशे माणसांच्या हिशेबाने वाढला, मंडपाचा खर्च वाढला, आणि गाणाऱ्यांची बिदागी तेवढीच राहिली. माझ्या त्या एका खोट्या आकड्याचा फटका त्या बाबांना बसला. तेव्हापासून मी आकडा फुगवत नाही आणि कोणाला फुगवू देत नाही.

तेव्हा उपस्थिती मोजाच, पण खरी मोजा. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी, अशी तीनदा. पहाटे तीन वाजता तीस माणसं उरली असतील तर ती तीस माणसं कोण आहेत, ते लिहा.

मग नेमकं काय बघायचं?

मी तीन पायऱ्या करते: झालेलं काम, झालेला बदल आणि टिकलेला बदल.

समजा तुम्ही वहीगायनाचं दहा दिवसांचं शिबिर घेतलं आणि वीस पोरं आली. हे झालेलं काम. शिबिराच्या शेवटच्या दिवशी त्यातल्या किती जणांना ठेका न सोडता धरता आला, किती गाणी तोंडपाठ झाली, हा झालेला बदल. आणि पुढच्या नवरात्रात, कोणी बोलावलं नसताना, त्यातली किती पोरं मोठ्या गाणाऱ्यांच्या फेरीत जाऊन बसली? हा टिकलेला बदल. वीसातली तीन बसली तरी मी त्या शिबिराला चांगलं म्हणेन. एकही बसलं नाही, तर समारोपाच्या दिवशी टाळ्या कितीही पडल्या असोत, शिबिराची आखणी पुन्हा करावी लागेल.

अडचण अशी की अहवाल मार्चअखेर द्यायचा असतो आणि नवरात्र आश्विनात येतं. तिसरी पायरी शासनाच्या वर्षात मावतच नाही. म्हणून मी संस्थांना सांगते, मार्चचा अहवाल देऊन टाका, पण वर्षभराने दोन पानांचं पुरवणी टिपण स्वतःहून पाठवा. ते कोणी मागत नाही. तरी पाठवा, आवक क्रमांक घ्या, आणि पुढच्या अर्जाला त्याची प्रत जोडा.

कलावंतांच्या बाजूने एकच गोष्ट मोजायची असेल तर कोणती?

शंभर रुपयांतले किती रुपये कलावंताच्या हातात पडले, आणि किती दिवसांनी.

एकूण खर्चाचे चार ढीग करा: कलावंतांचं मानधन आणि प्रवास; मंडप, ध्वनी, दिवे; फ्लेक्स, जाहिरात, सत्कार, पाहुण्यांची व्यवस्था; आणि आयोजन करणाऱ्या कंपनीचा वाटा. हे चार आकडे एकाखाली एक लिहिले की अर्धं मूल्यमापन तिथेच होतं. मोठे महोत्सव कंत्राटाने दिले जातात. तिथे गावातला तमाशा फड किंवा वही मंडळ तिसऱ्या-चौथ्या हाताने येतं आणि प्रत्येक हाताला काहीतरी चिकटून राहतं. सुपारी ठरलेली असते एक आणि हातात पडते दुसरी. म्हणून रक्कम संस्थेच्या कागदावरून घेऊ नका, कलावंताला विचारा. एकटं गाठून विचारा, आयोजकाच्या देखत कोणी खरं सांगणार नाही.

बदल आमच्या कार्यक्रमामुळेच झाला, हे कसं सिद्ध करायचं?

'सिद्ध' हा शब्द जड आहे. आपल्याला प्रामाणिक अंदाज हवा. त्यासाठी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: कार्यक्रम झाला नसता तर काय झालं असतं?

सारंगखेड्याचं उदाहरण घ्या. शहादा तालुक्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, लांबलांबच्या राज्यांतून घोडे येतात. अलीकडे त्याला जोडून पर्यटन खात्याच्या साथीने चेतक फेस्टिव्हल होऊ लागला. आता घोड्यांची झालेली सगळी उलाढाल फेस्टिव्हलच्या खात्यावर जमा केली तर ते चुकीचं ठरेल. घोडेबाजार फेस्टिव्हल नसतानाही भरत होता. फेस्टिव्हलचं श्रेय तेवढंच, जेवढं त्याने वर घातलं: बाहेरून नव्याने आलेले पर्यटक, त्यांचा मुक्काम, स्थानिक कलावंतांना मिळालेला मंच. आणि वजा बाजूही लिहायला हवी. जागेचं भाडं वाढलं का? वर्षानुवर्षं येणारा भांडीवाला, खेळणीवाला, रसवंतीवाला मागच्या रांगेत ढकलला गेला का? हे विचारायला यात्रेत दोन दिवस फिरावं लागतं. कार्यालयात बसून ते कळत नाही.

छोट्या कामात तुलना सोपी असते. शिबिर झालेलं गाव आणि न झालेलं शेजारचं गाव, दोन्ही बघा. किंवा शिबिराआधी एकदा आणि नंतर एकदा. 'आधी'ची नोंद बहुतेक सगळे विसरतात. कार्यक्रम ठरला की पहिल्याच आठवड्यात ती करून टाका, नंतर ती करता येत नाही.

"एक रुपया खर्च केला की चार रुपयांची उलाढाल होते" असं लिहू का? वाचायला छान वाटतं.

तुमच्याकडे हिशेब असेल तर लिहा. ऐकून लिहू नका.

अशा गणितात तीन गळत्या असतात. गावातल्याच माणसाने यात्रेत शंभर रुपये खर्च केले, तर ते त्याने एरवी बाजारात खर्च केले असते, गावात नवा पैसा आला नाही. मंडपवाला आणि साउंडवाला पुण्याहून आला असेल, तर तो पैसा पुण्याला गेला. आणि मुक्कामी आलेला माणूस आधी दुसऱ्या तालुक्यात उतरणार होता, तो तुमच्याकडे वळला, तर जिल्ह्याचा फायदा शून्य. हे तिन्ही वजा केल्यावर उरलेला आकडा लहान असतो. लहान असला तरी तो खरा असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. संमेलनाचं शासकीय अनुदान त्याआधीच ५० लाखांवरून २ कोटी झालं होतं. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही लोकवर्गणीतून भरलं. एकाच गावात, एकाच वेळी, पैशाच्या दोन वेगळ्या वाटांनी झालेली दोन संमेलनं! मूल्यमापन करणाऱ्यासाठी याहून चांगली संधी नसते. रिक्षा, खानावळी आणि लॉजचा धंदा दोनचार दिवस वाढणारच. मला त्यापेक्षा हे जाणून घ्यायला आवडेल की अमळनेर, पारोळा, चोपड्याच्या वाचनालयांत पुढच्या वर्षभरात सभासद वाढले का, शाळांनी पुस्तकं मागवली का, आणि संमेलनात पहिल्यांदा कविता वाचलेल्या पोरापोरींपैकी किती जण अजून लिहीत आहेत. साने गुरुजींनी जिथे शिकवलं त्या गावाला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे.

आमच्या संस्थेत माणसंच कमी येतात. जुनी हस्तलिखितं सांभाळण्याचं काम आहे. आमचा प्रभाव कसा दाखवायचा?

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा समर्थ वाग्देवता मंदिरात रोज रांग लागत नाही. लागायची गरजही नाही. तिथल्या पोथ्या आणि दफ्तरं उद्याच्या अभ्यासकासाठी आहेत. अशा संस्थेला प्रेक्षकसंख्येच्या फूटपट्टीने मोजणं म्हणजे विहिरीला आजच्या दिवसात किती बादल्या काढल्या यावरून जोखणं.

न येणाऱ्या माणसालाही एखादी संस्था हवीशी वाटू शकते, याचा अभ्यास झालेला आहे. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या रॉयल थिएटरबद्दल १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सर्वसाधारण नागरिकांना विचारलं होतं की या नाट्यगृहासाठी करातून किती रक्कम द्यायची तुमची तयारी आहे. जे लोक तिथे कधी नाटक बघायला जात नव्हते, त्यांनीही पैसे देण्याची तयारी दाखवली, आणि एकूण रकमेत त्यांचा वाटा मोठा होता. धुळ्याच्या पाचकंदील भागातल्या दुकानदाराला विचारून बघा, राजवाडे मंडळ उद्या बंद झालं तर चालेल का. तो आत कधी गेला नसेल, तरी 'चालेल' म्हणणार नाही असा माझा अंदाज आहे. त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, तो पुरावाच आहे.

शिवाय तुमच्याकडे मोजण्यासारखं बरंच असतं: वर्षात किती पानांचं स्कॅनिंग झालं, किती पोथ्यांना कसर लागण्यापासून वाचवलं, किती प्रबंधांत आणि लेखांत तुमच्या संग्रहाचा ऋणनिर्देश आहे. शेवटची यादी कोणीच ठेवत नाही. ठेवा.

दरवर्षी तेवढंच काम होतं आणि खर्च मात्र वाढतो. यावर अधिकारी बोट ठेवतात. काय सांगायचं?

सांगा की हे कलेचं दुखणं जुनं आहे आणि जगभर आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ते मांडलं. यंत्रं आली की कारखान्यात तेवढ्याच माणसांत जास्त माल निघतो आणि मजुरी वाढली तरी परवडतं. चार वादकांच्या मैफलीला मात्र दोनशे वर्षांपूर्वीही चार माणसं आणि तेवढाच वेळ लागायचा, आजही लागतो. आपल्या वहीचंही तसंच. आजोबांच्या काळी रात्रभर आठ माणसं लागत होती, आजही आठच लागतात आणि रात्रही तेवढीच मोठी आहे. मात्र त्या आठ जणांचा रोज, एसटीचं भाडं आणि चहा महागला. खर्च वाढणं म्हणजे संस्थेचा गलथानपणा नव्हे.

यूट्यूबचे व्ह्यूज धरायचे का?

धरा, वेगळ्या ओळीत. मंडपातल्या माणसांत मिळवू नका.

सातपुड्यातल्या होळीसारख्या परंपरेला निधी मिळाला तर मूल्यमापन कोणी आणि कसं करावं?

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी बघायला गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात. बाहेरचा माणूस गर्दी मोजतो, गाड्या मोजतो, मोरपिसांचे टोप आणि कमरेच्या घुंगरांचे फोटो घेतो. पण असा टोप-घुंगरांचा बुध्या होऊन नाचणारा माणूस त्याआधी दिवसेंदिवस पालनी पाळतो, व्रतासारखी. निधी आल्यावर, रस्ता झाल्यावर, स्टेज आल्यावर पालनी पाळणारे वाढले की कमी झाले? नाचाची वेळ पाहुण्यांच्या सोयीने पुढे-मागे केली गेली का? हे प्रश्न गावच्या पुजारा-पाटलाशी आणि नाचणाऱ्यांशी बसून ठरवायचे असतात. चांगलं म्हणजे काय, हे त्यांनी सांगायचं आणि आपण लिहून घ्यायचं. पर्यटक वाढले आणि पालनी आटली, तर माझ्या लेखी तो निधी अपायकारक ठरला.

वेळेचंही भान ठेवा. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगराळ भागातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे जातात आणि होळीला परत येतात. डिसेंबर-जानेवारीत पाहणीला गेलात तर दाराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी माणसं भेटतील, आणि त्यावरून तुम्ही लिहाल की 'तरुणांना परंपरेत रस नाही'. खाली मैदानी भागातही तेच. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणत्याही बाईला तुमच्या प्रश्नावलीसाठी वेळ नसतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला जा. माहेरवाशिणी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, गाणी चालू असतात, आणि बोलायला सवड असते.

अहिराणी संवर्धनाच्या योजनेचा परिणाम जनगणनेच्या आकड्यावरून ठरवता येईल का?

जपून. २००१च्या जनगणनेत 'खान्देशी' या नावाखाली २०,७५,२५८ जणांची नोंद होती, त्यात अहिराणीही येते. २०११मध्ये हा आकडा १८,६०,२३६ झाला. लोकसंख्या वाढत असताना भाषकांची संख्या सुमारे दोन लाख पंधरा हजारांनी घटली, हे धक्कादायक आहेच. पण हा आकडा फक्त एवढंच सांगतो की मातृभाषा विचारल्यावर लोकांनी काय सांगितलं. घरात चोवीस तास अहिराणी बोलणारी माणसं प्रगणकासमोर 'मराठी' सांगतात. लाजेने सांगतात, सवयीने सांगतात, काही वेळा प्रगणकच विचारत नाही आणि लिहून मोकळा होतो.

मी वेगळं काहीतरी बघते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मधल्या सुट्टीत पोरं कोणत्या भाषेत भांडतात? आई मुलाला रागावते कोणत्या भाषेत? लग्नपत्रिकेत अहिराणी ओळ छापायला घरचे तयार होतात का? अहिराणी कविसंमेलनाला निधी दिला आणि दोन वर्षांनी त्या गावच्या शाळेत स्नेहसंमेलनात एक तरी अहिराणी नाटुकलं झालं, तर निधी कामी आला. बहिणाबाईंच्या ओव्या कानाकानांतूनच पुढे आल्या आणि त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्या कागदावर उतरवल्या म्हणून आपल्यापर्यंत पोचल्या. त्या काळी कोणी आकडा मागितला असता तर श्रोत्यांची संख्या एका शेताएवढी निघाली असती.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाचं मूल्यमापन करायचं की नाही? ती तर मदत आहे.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना २०२४ पासून महिन्याला ५,००० रुपये मिळतात. हा सन्मान आहे. तेव्हा 'पैसे घेता, मग कार्यक्रम किती केले' हा प्रश्न विचारायचाच नाही. ज्यांनी आयुष्यभर रात्री जागवल्या त्यांना आता झोपू द्या.

योजनेला प्रश्न विचारायचे ते असे. पैसे दर महिन्याला येतात की सहा महिन्यांनी एकदम? पात्र असलेल्या किती जणांना योजना माहीतच नाही? तमाशातल्या, वहीतल्या, सोंगाड्या-वाजंत्र्यांतल्या किती बायकांची नावं यादीत आहेत? पुरावा म्हणून जुनी प्रमाणपत्रं आणि कात्रणं मागतात. ज्या बाईने चाळीस वर्षं कानबाईची, म्हणजे आपल्या खान्देशी देवीची गाणी म्हटली तिच्याकडे कात्रण कुठून येणार? तिच्या घरी रोटांच्या रात्री अख्खी गल्ली जमते, हा पुरावा धरायला कोणी तयार नसतं. आणि एक शेवटचं, जे मला सतत टोचतं: मानधन मिळणाऱ्या कलावंताच्या तोंडची गाणी कोणी ध्वनिमुद्रित करून ठेवली का? यादीतलं नाव मयत म्हणून कमी होतं, तेव्हा नावाबरोबर गाणीही जातात.

बाहेरच्या देशांत याची काही ठरलेली पद्धत आहे का? ती आपण घ्यावी का?

पद्धती आहेत, एकमत नाही. ब्रिटनमध्ये फ्रान्स्वा मातारासो यांनी १९९७ मध्ये कलेत भाग घेण्याचे सामाजिक परिणाम मांडले: आत्मविश्वास वाढतो, ओळखीपाळखी वाढतात, गावाबद्दल आपलेपणा वाटतो, असे पन्नास. धोरणकर्त्यांना ते फार आवडलं. नंतर पाओला मेर्ली आणि इतर अभ्यासकांनी दाखवून दिलं की आधी-नंतरची तुलना नव्हती आणि भाग घेतलेल्यांनाच विचारून निष्कर्ष काढले होते. दोन्ही बाजूंकडून आपल्याला शिकता येतं. यादी चांगली आहे, पण 'आधी'ची नोंद केल्याशिवाय ती वापरू नये.

आपल्या देशातही साहित्य, संगीत नाटक, ललित कला या राष्ट्रीय अकादम्यांचा आढावा अनेकदा झाला. १९६४ मध्ये भाभा समिती, १९७२ मध्ये खोसला समिती, १९९० मध्ये हक्सर समिती, २०१४ मध्ये अभिजित सेनगुप्तांची समिती. त्या समित्यांनी संस्था तपासल्या. शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावर झालेल्या एका रात्रीचं काय झालं हे तपासायला दिल्लीहून कोणी येणार नाही, ते आपल्यालाच करावं लागेल.

परिणाम कमी दिसला असं खरं लिहिलं तर पुढचं अनुदान बंद होईल ना?

ही भीती खरी आहे आणि मी ती खोडून काढणार नाही. माझ्या ओळखीच्या एका संस्थेने प्रामाणिकपणे लिहिलं आणि पुढच्या वर्षी त्यांचं नाव यादीत नव्हतं. कारण तेच होतं की दुसरं काही, ते कळलं नाही.

यातून मार्ग काढायचा तर अपयशाची नोंद एकटी ठेवू नका, तिच्याशेजारी कारण आणि पुढचा बदल लिहा. 'वीसपैकी दोनच पोरं टिकली. शिबिर दहावी-बारावीच्या परीक्षेआधी घेतलं, ही आमची चूक. पुढचं मे महिन्यात, आणि दहा दिवसांऐवजी दर रविवारी.' असं वाक्य वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तुमची समज दिसते. आणि अधिकारी वाचत असतील तर त्यांनाही विनंती आहे: सगळीकडे 'उद्दिष्ट शंभर टक्के साध्य' लिहून आलेले अहवाल बघून तुम्हाला प्रश्न पडायला हवा. ज्या जिल्ह्यात एकही कार्यक्रम फसत नाही, तिथे नवं काही करून बघण्याची कोणाची हिंमत उरलेली नाही.

आमच्याकडे ना माणसं, ना पैसा. कमीत कमी काय करू?

एक दोनशे पानी वही आणि तीन भेटी.

कार्यक्रमाआधी एकदा गावात जा. पाच गाणारे आणि दहा ऐकणारे, त्यात निम्म्या बाया, यांच्याशी बोला. आता काय चालू आहे, कोण शिकवतं, शेवटचं कधी झालं, एवढं लिहा. कार्यक्रमाच्या रात्री खरी उपस्थिती आणि एखाद-दोन बारकावे लिहा, जसा तो नातू. सहा महिन्यांनी त्याच पंधरा जणांकडे परत जा. प्रश्नावली नको, गप्पा मारा. आणि चार माणसं अशी शोधा जी कार्यक्रमाला आलीच नाहीत. का नाही आलात, एवढंच विचारा. मला यातूनच सगळ्यात जास्त कळलं आहे. एका गावात बाया आल्या नाहीत, कारण मंडपाजवळ मुतारीची सोय नव्हती. दुसऱ्या गावात एका वस्तीवरच्या लोकांना वाटलं की कार्यक्रम मंदिरासमोर आहे म्हणजे आपल्यासाठी नाही. एक आजीबाई म्हणाल्या, "गानं चांगलं व्हतं म्हनतस, पन आमले कोनी इचारंच नही."

मी संस्थावाला नाही, साधा रसिक आहे. माझ्या जिल्ह्यात झालेल्या महोत्सवाबद्दल मला काय विचारता येईल?

माहिती अधिकार कायदा, २००५. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, तीस दिवसांत उत्तर. 'महोत्सव कसा झाला' असं मोघम विचारू नका. मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च, कलावंत मानधनाची नावनिहाय यादी, कंत्राटाची प्रत, आणि कार्यक्रमानंतर तयार झालेल्या मूल्यमापन अहवालाची प्रत मागा. शेवटच्या मुद्द्याला 'असा अहवाल उपलब्ध नाही' असं उत्तर आलं, तर तेही जपून ठेवा.

अहवाल कोणत्या भाषेत लिहायचा?

कार्यालयाला मराठीत द्या. पण लोकांचं बोलणं ज्या भाषेत झालं त्याच भाषेत ठेवा, अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी, जे असेल ते, आणि खाली मराठीत अर्थ द्या. 'समाधान व्यक्त केले' या तीन शब्दांत माणसाचं बोलणं मरून जातं.

कच्चा अहवाल झाला की तो गावात नेऊन मोठ्याने वाचा. पारावर, संध्याकाळी, गुरं घरी आल्यावर. तापीकाठच्या त्या गावात मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा असा वाचला होता. 'वहीगायनाची कला लोप पावत आहे' असं मी लिहिलं होतं. डफ शेकणाऱ्या बाबांनी मला तिथेच थांबवलं. म्हणाले, लोप नको लिहू, नातवाला मी तीन वह्या शिकवल्या आहेत, त्याला विचार. पोराला पुढे बोलावलं. त्याने लाजत दोन म्हटल्या, तिसरीच्या अर्ध्यात अडला, आणि बाबांनी पुढचं कडवं उचललं. मी ते वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं: 'गावात एका मुलाला अडीच वह्या येतात.'